सत्तावीस टर्नची मंडळी

सप्टेंबर लागला की माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली उतरतो. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अकरा मोटरी. मोटार म्हणजे गाडी नव्हे बरं का. रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीच्या पोटातली, जेमतेम ३६ मिलिमीटर व्यासाची विजेची मोटर.

इंग्लंडमधल्या आमच्या गावात क्लबवाले वर्षातून एकदा शाळेचा हॉल भाड्यानं घेतात, गालिचा अंथरतात आणि जुन्या गाड्यांच्या शर्यती लावतात. गाडी १९९० च्या आधीची हवी, मोटर कार्बनवाली हवी, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला घासणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांतून वीज घेणारी. हल्लीच्या बिनकार्बनच्या ब्रशलेस मोटरी आणि लिथियमच्या बॅटऱ्या घरी ठेवून यायचं. शर्यत पाच मिनिटांची, गप्पा दिवसभराच्या. दक्षिण इंग्लंडातल्या रॉम्सी गावाचा विषय तर दर वर्षी निघतोच. अशा छोट्या गाड्यांची १९८७ ची जागतिक स्पर्धा तिथं झाली आणि जपानच्या मासामी हिरोसाकानं फोर-व्हील ड्राइव्हचं विजेतेपद पटकावलं ते नॉर्थॅम्प्टनच्या शूमाकर कंपनीच्या ‘कॅट’ गाडीवर. गाडी आपली, म्हणजे विजयही निम्मा आपलाच, असा इथल्या मंडळींचा हिशेब.

पहिल्या वर्षी मी तामिया कंपनीची हॉर्नेट गाडी घेऊन गेलो. मॉडेल १९८४ चं, आत मोटर मात्र नवी कोरी, ५४० मापाची. शेजारच्या टेबलावरच्या निवृत्त पोस्टमननं ती मागून घेतली, सरळ पाण्याच्या ग्लासात बुडवली आणि दोन सेलांवर चालू केली. मी ओरडायच्या बेतात होतो. बघता बघता पाणी करडं झालं, पाटी पुसलेलं फडकं पिळावं तसं. नवा कार्बन कम्युटेटरच्या, म्हणजे ज्यावर तो घासतो त्या फिरत्या तांब्याच्या कड्याच्या, गोलाईवर पुरता टेकत नाही. घासून बसला की ठिणग्या कमी होतात. पाण्यात मोटर तापत नाही, आणि झिजलेली भुकटीही वाहून जाते. मग वाळवायची आणि दांडा ज्यात फिरतो त्या दोन्ही बुशांना तेलाचा एकेक थेंब.

त्या टेबलापाशी जळक्या वार्निशचा वास आला आणि मी थेट सांगलीत पोचलो. आप्पांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दारात पंपाची जळालेली मोटर घेऊन ताटकळलेला शेतकरी, आत हाच वास. रात्री फोन लावला.

“आर्मेचरला खाचा किती?”

“तीन.”

“आन् टर्न?”

“२७.”

“एवढंच? आरं, एवढ्या वायरीत आम्ही नुसती चिठ्ठी बांधतो मोटरीला.”

आर्मेचर म्हणजे मोटरीचा फिरणारा गाभा, आणि टर्न म्हणजे त्याच्या दातांवरचे तारेचे वेढे. टर्न कमी केले की मोटर पळते जास्त आणि करंटही जास्त खाते, हे मात्र त्यांना सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या वर्षी मला शहाणपण सुचलं. चांगल्या मोटरीची मागची टोपी फिरवून टायमिंग, म्हणजे वेढ्यांतल्या करंटची दिशा बदलण्याची वेळ, पुढं घेता येतं. मी ते नको तितकं घेतलं. दोन फेऱ्या गाडी अशी सुटली की माझाच श्वास अडकला. तिसऱ्या वळणावर निळा प्रकाश, मग धूर. मोटर उघडली तर कम्युटेटर काळा ठिक्कर आणि वाइंडिंगचा कोळसा. पोस्टमननं छोट्या लेथवर कम्युटेटरवरून हलका हात फिरवला. केसासारखी तांब्याची तार सुटत गेली आणि खालून गुलाबी, लखलखीत तांबं निघालं. वाइंडिंग मात्र गेलं ते गेलंच.

पुढच्या सप्टेंबरात आप्पा इकडे आले होते. शर्यतीकडे पाठ करून बसले, चष्मा कपाळावर, आणि तेच आर्मेचर हातात. तीन टर्न वर-खाली झाले तरी चालेल, पण तिन्ही दातांवर सारखे हवेत, असं मलाच बजावून त्यांनी इनॅमल वायर ओढायला घेतली. तोंडानं मोजणी चालू: नऊ, दहा, अकरा… शेवटच्या दातावर असताना पोस्टमन चहा घेऊन आला. साखर किती, त्यानं विचारलं. आप्पा वर न बघता म्हणाले, “टू,” आणि मोजणी तिथंच फिसकटली.

ती मोटर डब्यात आहे. पळते झकास, पण जरा थरथरते. क्लबात तिला ‘टू शुगर’ म्हणतात.