फुलाची पाठ

माझ्या फुलांना मिळालेली पहिली दाद म्हणजे तांब्याभर पाणी.

क्लेची जास्वंदीची तीन फुलं आणि एक कळी करून झाली होती. उभी राहावीत म्हणून एका छोट्या कुंडीत खरीखुरी माती भरून तिच्यात तारेचे देठ खोचले होते. मावशी राहायला आली होती. दुपारची झोप झाल्यावर मी येऊन पाहते तर कुंडी निथळतेय, फुलं निथळतायत आणि सर्वांत मोठ्या फुलाच्या दोन पाकळ्या मऊ पडून खाली लोंबतायत. "अगं, माती पार सुकली होती," मावशी म्हणाली. "पण पाणी घालायला मलाही उशीरच झाला बघ. मान टाकली त्याने." तिला काय सांगणार? पाकळी जराशी कोमेजलेली दिसावी म्हणून मी महिनाभर धडपडत होते. मावशीला ते एका तांब्यात जमलं.

याला क्ले म्हणतात खरं, पण मी वापरते तिच्यात मातीचा कणही नसतो. लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद आणि कॉर्नफ्लोअर साधारण सारख्या मापाने घ्यायचं. त्यात थोडं तेल, थोडं ग्लिसरीन, आणि बुरशी धरू नये म्हणून किंचित व्हिनेगर. मंद आचेवर ढवळत राहायचं, भांड्याच्या कडा सोडून मधे गोळा जमला की उतरवायचं आणि हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम असतानाच मळायचं. माझं ते भांडं त्या दिवसापासून कायमचं माझं झालं, कारण स्वयंपाकघराने ते परत घेतलं नाही. या प्रकाराला कोल्ड पोर्सिलेन म्हणतात. भट्टी लागत नाही. नुसत्या हवेवर वाळतं, आणि पातळ लाटलेल्या पाकळीतून वाळल्यावर थोडा उजेड झिरपतो.

वाळणं म्हणजे दुसरं काही नाही, गोंदातलं पाणी निघून जातं. पण जाताना ते आपली जागाही सोबत घेऊन जातं, म्हणून फूल आकसतं. जाड गोळा असेल तर बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला मागाहून आकसतो आणि मग भेग पडते. त्यासाठी गुलाबाच्या पोटात थर्माकोलचा थेंबासारखा गाभा ठेवतात. रंगही वाळताना गडद होतो. मला हवा होता फिकट गुलाबी. ओला गोळा अगदी हवा तसा दिसत होता, सकाळी पाहिलं तर जांभळाकडे झुकलेला. आता मी हव्या त्या रंगापेक्षा दोन पायऱ्या फिका रंग कालवते आणि रात्रभर देवावर हवाला ठेवते. पांढऱ्या फुलात तर पांढरा रंग मुद्दाम घालावा लागतो, नाहीतर वाळल्यावर ते मेणासारखं धुरकट होतं. पांढऱ्याला पांढरं करावं लागतं, हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं.

जास्वंदीने सुरुवात केली, कारण ती सोपी वाटली. शाळेत तिची आकृती किती वेळा काढली असेल! निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. बाण काढून नावं द्या, गुण घ्या. पण ती आकृती फूल उभं कापून काढलेली असते. पाकळ्या किती आणि कोणती कोणाच्या वर, हे तिच्यात येतच नाही. पाच पाकळ्या लाटल्या, पातळ तारेवर बसवल्या (तारेचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, पाकळीला तीस, मुख्य देठाला अठरा, हे उलटं गणित अंगवळणी पडायला वेळ लागतो), आणि एकीशेजारी एक टेपने बांधल्या. जे तयार झालं तो पंखा होता.

मग खरं फूल आणलं आणि समोर ठेवलं. जास्वंदीच्या प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीच्या खाली. पाचही पाकळ्यांना हाच नियम. कागदावर वाचायला हे फार छान वाटतं. हाताने करताना पहिल्या चार बिनतक्रार बसतात आणि पाचवीशी गाडी अडते, कारण तिला चौथीच्या वर चढायचं असतं आणि त्याच वेळी पहिलीच्या खाली शिरायचं असतं. पहिली तर आधीच चिकटून बसलेली! म्हणजे पहिल्या पाकळीची एक बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेवायची, पाचवी तिच्याखाली सरकवायची आणि मग दोघींना एकदम दाबायचं. हे सुचायला मला तीन फुलं लागली. झाडाला हा प्रश्न कधी पडतच नसणार, त्याच्या पाचही पाकळ्या कळीत आधीपासून गुंडाळलेल्याच असतात. जोडणाऱ्याला मात्र कुठूनतरी सुरुवात करावी लागते, आणि सुरुवात म्हटली की तिचा सांधा आला.

मधल्या दांड्याने खूप आनंद दिला. तो दांडा म्हणजे पुंकेसरांच्या तंतूंची जुळून झालेली नळी. वरच्या भागात पिवळे परागकोश लटकलेले, आणि नळीच्या आतून गेलेली स्त्रीकेसराची दांडी टोकाशी बाहेर येऊन पाच फाटे काढते. प्रत्येक फाट्यावर मखमली लाल टिकली. बारीक दोऱ्याचे तुकडे गोंदात बुडवून दांड्यावर रोवले, टोकांना पिवळी पूड लावली, लाल टिकल्यांवर खडूची भुकटी शिंपडली. एक संध्याकाळ त्यात कुठे गेली कळलं नाही. पाकळ्यांच्या कडा बॉल टूलने, म्हणजे टोकाला गोळी असलेल्या दांडीने, निम्मी गोळी पाकळीवर आणि निम्मी फोमवर अशी फिरवून झिरझिरीत केल्या. फूल उभं केलं. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, स्वतःवर खूश झाले.

लेक आली, फूल उचललं आणि उलटं केलं. "आई, हे मागून तार आणि गोंदच आहे."

पुढून जास्वंद होती, मागून हिरव्या टेपची गाठ. आणि खऱ्या जास्वंदीच्या मागे काय असतं ते मला ठाऊकच नव्हतं. निदलपुंज हा शब्द ठाऊक होता. पण हिरव्या पेल्याच्या खाली अजून एक कडं असतं, सहा-सात बारीक हिरव्या पट्ट्यांचं, ते कधी पाहिलं नव्हतं. पाकळीच्या शिराही मागच्या बाजूने जास्त उठून दिसतात आणि तिथला लाल थोडा विटका असतो. इतकी वर्षं मी या फुलाशी समोरासमोर बोलत होते, त्याने पाठ फिरवली असती तर ओळखलंही नसतं.

पानांच्या बाबतीत पाठीचं महत्त्व आणखी विचित्र रीतीने कळलं. क्लेच्या पानावर शिरा उमटवायला खरं पान दाबतात, पण दाबायची त्याची पाठ, कारण शिरा तिथे उंच असतात. खऱ्या पानाच्या पाठीचा ठसा म्हणजे आपल्या पानाचं तोंड. मग आपल्या पानाची पाठ? ती गुळगुळीत. दोन्हीकडून ठसे देणारे साचे मिळतात. मी ते घेतले आणि त्यानंतर आणखी काय काय घेतलं याचा हिशेब इथे देत नाही.

गुलाबाने मात्र पाठीचं वेडच लावलं. गुलाबाखाली पाच हिरवी निदलं, म्हणजे त्या हिरव्या पेल्याच्या पाकळ्या, असतात. मी एकाच साच्याने पाच काढली, सगळ्यांच्या कडांना कातरून झालरी दिल्या आणि चिकटवली. नंतर खऱ्या गुलाबाशी ताडून पाहिली तर पाचही वेगवेगळी. दोघांना दोन्ही कडांना झालर, दोघांना कुठेच नाही, आणि पाचव्याला एकाच बाजूला. आधी वाटलं फूलच सदोष आहे. पण याच्यावर युरोपात जुनं लॅटिन कोडं आहे: पाच भाऊ, दोघांना दाढी, दोघे बिनदाढीचे, आणि पाचव्याला अर्धीच दाढी, तर ओळखा कोण? कारणही मोठं गंमतीचं. कळीत ही निदलं एकमेकांवर अशी बसतात की दोघांच्या दोन्ही कडा बाहेर राहतात, दोघांच्या दोन्ही कडा झाकल्या जातात आणि पाचव्याची एक बाहेर, एक आत. जी कड उघड्यावर वाढली तिला दाढी. रानगुलाबात हे अगदी स्वच्छ दिसतं, बागेतल्या गुलाबांत कधीकधी गोंधळ असतो. मी साचा बाजूला ठेवला आणि पाच भाऊ पाच प्रकारे कातरले. पूर्ण उमललेल्या गुलाबात ही निदलं खाली वळतात आणि समोरून बघणाऱ्याला एकही दिसत नाही. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. (काटे मात्र सोपे. गुलाबाचा काटा हा सालीवरचाच उंचवटा, बाजूने दाबला की टचकन निघतो. क्लेमध्येही तो वरून चिकटवला की झालं. गुलाबाने केलेली एवढीच सवलत.)

या पाठीच्या भानगडीतून अंग काढून घेणारीही माणसं होऊन गेली. इंग्लंडमधली मेरी डिलेनी ही बाई १७०० मध्ये जन्मली आणि सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागदांचे कपटे कापून फुलं करू लागली. दहाएक वर्षांत सुमारे ९८५ फुलं केली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकेका फुलात कागदाचे शेकडो तुकडे असू शकतात. पण ती काळ्या कागदावर सपाट चिकटवलेली आहेत, पाठीचा प्रश्नच नाही! हुशार बाई.

उलट लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेची झाडं-फुलं घडवली ती वनस्पतिशास्त्र शिकवण्यासाठी, त्यामुळे त्यांना सुटका नव्हती. १८८७ पासून १९३६ पर्यंत हे काम चाललं. बाप १८९५ मध्ये गेला, पुढे मुलगा एकटा करत राहिला. सुमारे ७८० जातींच्या वनस्पती, आणि सुटे, मोठे करून दाखवलेले भाग धरून ४,३०० च्या आसपास नमुने. शेवटच्या काळात रुडॉल्फने रोग पडलेली, सडकी फळंही काचेची केली. मला त्याचं फार कौतुक वाटतं ते इथे. ताजं फूल करून वाहवा मिळवणं एक वेळ सोपं. तळपत्या काचेला बुरशी आणायची, म्हणजे आयुष्यभर जमवलेली सफाई हाताला विसरायला लावायची. आमच्या मावशीशी त्याचं जमलं असतं.

परवा शेजारणीने तिच्या कुंडीतला पहिला गुलाब मोठ्या प्रेमाने आणून हातात दिला. माणसं फूल नाकाशी नेतात. मी ते उलटं केलं आणि चष्मा वर सारून देठाशी डोळे नेले.

"का हो, कीड आहे का?" ती काळजीने म्हणाली.

"नाही नाही, दाढ्या बघतेय," मी म्हणाले, आणि मग अर्थातच सगळं कोडं सांगावं लागलं. दोघी मिळून शोधू लागलो. दोन दाढीवाले सापडले. दोन सफाचटही सापडले. पाचवा मात्र कुणीतरी अर्धा कुरतडलेला होता.