सेकंदाला एक अडखळ

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या अ‍ॅनिमेशन प्रकल्पांचे मूल्यमापन हे काम बाहेरून वाटते तितके रंजक नसते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून दीड-दोन मिनिटांचे चित्रपट एकापाठोपाठ एक पाहायचे, आणि प्रत्येकानंतर दिवे लागले की विद्यार्थ्याला प्रश्न विचारून ठरलेल्या रकान्यांत गुण भरायचे, असा त्याचा क्रम असतो. दुपार होईपर्यंत परीक्षकांच्या डोळ्यांना दोष ओळखण्याची इतकी सवय झालेली असते की चित्र पुरते उलगडण्याआधीच निदान तोंडावर येते. पाय घसरतो आहे, वजन जाणवत नाही, डोळ्यांची उघडझाप यंत्रासारखी आहे, असे शेरे तर दर वर्षी तेच असतात. ज्या प्रकल्पाविषयी मी लिहिते आहे त्याच्याही बाबतीत असेच झटपट निदान झाले. ते वाजवी होते, आणि तरीही चुकीचे होते.

चित्रपट ९६ सेकंदांचा होता. रिमझिम पावसात एक म्हातारा पोस्टमन लांबलचक भिंतीच्या कडेने चालत येतो आणि एका दारापाशी थांबतो, एवढीच त्याची गोष्ट. कॅमेरा त्याच्या बरोबरीने सरकत राहतो. सुरुवातीची श्रेयनामावली मोशन ग्राफिक्सची, म्हणजे हलत्या अक्षरा-आकृत्यांची, होती. पोस्टमन मागे चालत असतानाच शाईने लिहिल्यासारखी अक्षरे पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकत उमटत होती. द्विमितीय अक्षरे आणि त्रिमितीय दृश्य असा मिलाफ विद्यार्थी हौसेने करतात आणि बहुतेक वेळा दोहोंचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. इथे तो चांगला जमला होता. अक्षरांची गती पोस्टमनच्या संथ चालीला साजेशी होती, आणि नामावली संपेपर्यंत त्या चालीचा ठेका आपल्या मनात बसलेला असे.

मात्र त्या चालीत एक अडखळ होती. डावी टाच जमिनीला टेकली की चित्र क्षणभर थबकल्यासारखे वाटे आणि पुन्हा पुढे निघे. प्रत्येक सेकंदाला एकदा, त्याच पायावर आणि त्याच ठिकाणी हे घडत होते. एकदा लक्षात आल्यावर त्याशिवाय दुसरे काही दिसेना.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चित्रपट संपण्याआधीच वहीत शेरा लिहिला. ज्यांनी वॉक सायकल, म्हणजे पात्राच्या चालण्याचे आवर्तन, शिकवली आहे त्यांना तो शेरा न वाचताही कळेल. चालण्याचे एक आवर्तन, म्हणजे दोन पावले, साधारणपणे २४ फ्रेममध्ये, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या २४ स्थिर चित्रांत, बसवतात. पहिल्या फ्रेमवरची शरीराची ठेवण पंचविसाव्या फ्रेमवर पुन्हा द्यावी लागते, कारण त्याशिवाय आवर्तन जुळत नाही; पण ते पुनःपुन्हा चालवताना चोविसाव्या फ्रेमवर थांबून पहिलीकडे परत यायचे असते. विद्यार्थी पंचविसावी फ्रेमही आवर्तनात घेतात, तेव्हा तीच ठेवण लागोपाठ दोनदा दिसते आणि पात्र दर आवर्तनाला ठेच लागल्यासारखे थबकते. पहिल्या वर्षातली ही चूक अंतिम वर्षात दिसावी याचे परीक्षकांना वाईट वाटले असावे, कारण त्यांचा स्वर जरा कडक झाला.

विद्यार्थी म्हणाला, “सर, सायकल चोवीसलाच थांबवली आहे. पंचविसावी फ्रेम रेंडरमध्ये आलेलीच नाही.” (रेंडर म्हणजे संगणकाने दृश्यावरून तयार केलेली अंतिम चित्रे.)

“मग हे पडद्यावर दिसतंय ते काय आहे?”

त्याच्याकडे उत्तर नव्हते. आपल्या संगणकावर दाखवताना आपल्यालाही हे दिसले होते, पण ग्राफ एडिटरमधली, म्हणजे हालचालींच्या आलेखातली, एकूण एक वक्ररेषा तपासूनही खोट सापडली नाही, एवढेच त्याने सांगितले. संकलन शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी दुसरी शक्यता मांडली. सादरीकरणाचा संगणक जुना असल्यामुळे फ्रेम गळत असतील. परंतु यंत्र थकले की फ्रेम वाटेल तिथे गळतात. सेकंदाच्या ठोक्याला, डाव्याच टाचेवर, नेमाने गळत नाहीत. पडद्याच्या ६० हर्ट्‌झच्या दरात, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करण्यात, सेकंदाच्या २४ फ्रेम सारख्या बसत नाहीत हेही खरे आहे, पण त्यातून येणारी थरथर सतत आणि बारीक असते, अशी सेकंदाला एकच नसते.

मी चित्रपट पुन्हा लावायला सांगितला आणि अडखळीच्या जरा आधी थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवायला लावली. माझे लक्ष पोस्टमनकडे नव्हते, जमिनीकडे होते. भिंतीच्या पायथ्याशी एक फुटका दगड होता आणि त्याच्या शेजारीच डावी टाच टेकत होती. आवर्तनात एक फ्रेम जास्त असती, तर हातपाय त्या फ्रेमपुरते गोठले असते, पण संपूर्ण शरीर पुढे नेणारी रिगची (पात्राच्या हलवता येणाऱ्या सांगाड्याची) मुख्य की (ठरावीक क्षणाला नोंदवलेली स्थिती) स्वतंत्र असल्यामुळे शरीर पुढे सरकतच राहिले असते. म्हणजे टेकलेली टाच दगडाला ओलांडून थोडी पुढे घसरलेली दिसायला हवी होती. ती घसरली नाही. टाच, दगड, मागची भिंत, पावसाच्या रेषा आणि सरकता कॅमेरा असे सगळेच्या सगळे एका फ्रेमपुरते जागच्या जागी थांबले होते. पात्राच्या सायकलमधल्या चुकीने पाऊस थांबत नाही.

तरी परीक्षकांचे समाधान झाले नाही, आणि त्यांची शंका रास्त होती. कॅमेऱ्याच्या वक्ररेषेतही त्याच जागी दोन सारख्या की असू शकतील, असे त्यांनी सुचवले. तेव्हा आम्ही चित्राचा एक अंधारा कोपरा मोठा करून पाहिला. पाथ ट्रेसिंग पद्धतीने रेंडर करताना प्रत्येक पिक्सेलसाठी प्रकाशकिरणांचे नमुने यदृच्छया घेतले जातात, आणि नमुने कमी पडले की अंधाऱ्या भागात बारीक दाणे उरतात. हे दाणे निम्मे करायचे तर नमुने चौपट करावे लागतात, त्यामुळे वेळेच्या ओढीत असलेले विद्यार्थी थोडे दाणे तसेच सोडून देतात. या विद्यार्थ्याने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. यदृच्छ आकड्यांचे बीज (ज्या संख्येपासून ते आकडे तयार होतात ती) त्याने दर फ्रेमला बदलते ठेवले होते, म्हणजे दाणे जागा बदलत राहतात आणि काचेवर बसलेल्या धुळीसारखे पडद्याला चिकटून राहत नाहीत. त्याचा इथे अनपेक्षित उपयोग झाला. दृश्यात काहीही हलत नसले तरी दोन वेगळ्या रेंडर केलेल्या फ्रेममध्ये दाण्यांची मांडणी एकसारखी येऊ शकत नाही. अडखळीच्या जागेवरच्या दोन फ्रेममध्ये दाणान्‌दाणा तोच होता. याचा अर्थ अ‍ॅनिमेशनमध्ये दोन ठेवणी सारख्या नव्हत्या. रेंडर झालेले एकच चित्र दोनदा दाखवले जात होते, आणि हे रेंडरनंतर कुठेतरी घडले होते.

त्यानंतर आम्ही नामावलीचा भाग पाहिला. मला त्या दिवसातली सर्वांत बोलकी गोष्ट तीच वाटते. मागची भिंत ज्या फ्रेमला थबकत होती, त्याच फ्रेमला समोरची अक्षरे न थांबता पुढे सरकत होती. एकाच चित्रपटात, एकाच क्षणी, एक थर अडखळत होता आणि दुसरा नाही.

विद्यार्थ्याने मूळ फाइल उघडली. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधल्या कॉम्पचा, म्हणजे सगळे थर जिथे एकत्र येतात त्या मांडणीचा, वेग सेकंदाला २५ फ्रेम निघाला आणि रेंडरची चित्रमालिका मात्र २४ ची होती. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधला मूळचा वेग २४ असतो आणि तो त्याने तसाच ठेवला होता. इतकेच नव्हे, तर चित्रमालिका आत घेताना ती २४ चीच धरावी असे त्याने आठवणीने नोंदवलेही होते, म्हणूनच वेगाविषयी तो इतका निःशंक होता. घोळ आधीच्या पायरीवर झाला होता. सुरुवातीला त्याने स्वतःच्या चालण्याचा, कॅमेऱ्यावर २५ ने चित्रित केलेला संदर्भ व्हिडिओ ओढून नवीन कॉम्पच्या चिन्हावर टाकला होता. असे केले की कॉम्पला त्या व्हिडिओचाच वेग मिळतो. पुढे व्हिडिओ काढून टाकला तरी कॉम्प २५ चेच राहिले.

चोवीस चित्रे पंचवीस जागांवर बसवायची म्हटले की सेकंदाला एक चित्र दोनदा दाखवण्यावाचून गत्यंतर नसते. त्यात योगायोग असा की चालण्याचे आवर्तनही नेमके २४ फ्रेमचे, म्हणजे एका सेकंदाचे होते. त्यामुळे दुबार दिसणारी फ्रेम दर वेळी आवर्तनाच्या पहिल्याच ठेवणीवर येऊन पडत होती आणि सायकलमधल्या त्या सुपरिचित चुकीचे हुबेहूब सोंग वठवत होती. आवर्तन २० किंवा २८ फ्रेमचे असते तर अडखळ कधी या पायावर, कधी त्या पायावर, कधी अधांतरी आली असती आणि सायकलवर कुणी संशय घेतला नसता. अक्षरे सुटली त्याचे कारणही यातच आहे. मोशन ग्राफिक्सच्या थराला स्वतःच्या फ्रेम नसतात. दोन कींमधले त्याचे स्थान कॉम्पच्या प्रत्येक फ्रेमसाठी नव्याने मोजले जाते, मग त्या सेकंदाला २४ असोत, २५ असोत वा ६०. रेंडर केलेले त्रिमितीय दृश्य मात्र ज्या वेगाने रेंडर झाले त्या वेगाला कायमचे खिळलेले असते. दोन्ही विषय एकाच अभ्यासक्रमात शिकवूनही हा फरक आम्ही वर्गात इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखवतो, कारण अभ्यासक्रमाचे तास वेगळे असतात, शिक्षक वेगळे असतात आणि फायलींची भेट प्रकल्पातच पहिल्यांदा होते.

उपाय तीन होते. सगळे दृश्य २५ ने पुन्हा रेंडर करणे हा त्यातला सर्वांत सरळ, पण अशक्य. ९६ सेकंदांच्या २४०० फ्रेम, प्रत्येकीला सरासरी चार मिनिटे म्हटली तरी १६० तास, म्हणजे एका यंत्रावर अखंड सहा दिवसांपेक्षा जास्त काळ. दुसरा उपाय चित्रमालिका २५ ची आहे असे समजून वाजवण्याचा. ५० हर्ट्‌झच्या विजेवर चालणाऱ्या देशांतल्या दूरचित्रवाणीवर २४ चे चित्रपट वर्षानुवर्षे असेच सुमारे चार टक्के अधिक वेगाने दाखवले गेले. मात्र त्याने चित्र जवळपास चार सेकंदांनी आखूड झाले असते आणि पावलांचा वेगळा ध्वनिमुद्रित आवाज मागे पडला असता. आवाजही सोबत पळवला तर त्याची पट्टी किंचित चढते. तिसरा उपाय कॉम्पच २४ चे करण्याचा. नामावलीच्या की वेळेला बांधलेल्या असल्यामुळे त्या आपापल्या क्षणी राहतात, आणि चित्रमालिका शाबूत असल्याने रेंडर करावे लागत नाही. विद्यार्थ्याने थेट चित्रफीत न बनवता फ्रेम सुट्या चित्रांच्या रूपात साठवल्या होत्या हे त्याच्या पथ्यावर पडले. त्याने कॉम्प २४ चे केले आणि मधल्या सुट्टीत चित्रपट नव्याने काढला.

गुणांवर आमच्यात बरीच चर्चा झाली. संकलनाच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की अंतिम चित्रफीत हेच काम आहे आणि ती सदोष असेल तर गुण कापलेच पाहिजेत. मला ते अर्धेच पटते. चित्रफितीतल्या दोषाचा भार ज्याच्या त्याच्या रकान्यात पडावा; तांत्रिक पूर्ततेतली चूक पात्राच्या अभिनयाच्या गुणांतून वसूल करणे म्हणजे विद्यार्थ्याला चुकीचा धडा देणे, कारण तो पुढे महिनाभर निर्दोष सायकलमध्येच चूक शोधत बसेल. शेवटी तांत्रिक पूर्ततेच्या रकान्यात थोडे गुण कमी करावेत आणि चालीचे गुण नवा चित्रपट पाहून ठरवावेत, यावर एकमत झाले.

नव्या चित्रपटात अडखळ नव्हती. चाल आता सलग दिसत होती, आणि सलग दिसताच तिच्यातला खरा दोषही उघडा पडला. दारापाशी पोचताना पोस्टमन मंदावतो. ते मंदावणे विद्यार्थ्याने शरीराच्या मुख्य कीच्या वक्ररेषेला शेवटी गोलाई देऊन साधले होते, पण पायांचे आवर्तन शेवटच्या पावलापर्यंत त्याच लांबीच्या टांगा टाकत राहिले होते. शरीर हळू आणि पाय पूर्वीसारखेच, त्यामुळे शेवटच्या दोन पावलांत टेकलेला पाय मागे सरकत होता. आधी लक्ष अडखळीकडे ओढले जात असल्यामुळे तो कुणालाच दिसला नव्हता. आता बाहेरच्या परीक्षकांनी काही बोलण्याआधी विद्यार्थीच म्हणाला, “शेवटची तीन पावलं सायकलमधून काढून हातानं करायला हवी होती.”

“टाच जमिनीला खिळवून, आणि टांग दर पावलाला आखूड करत,” परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी वहीतला सायकलचा शेरा खोडून त्या जागी पाय घसरण्याचा लिहिला. चालीचे गुण आधी ठरले होते त्याहून दोनने वाढले. पुढच्या विद्यार्थ्याची फाइल सुरू करण्यापूर्वी संकलनाच्या सहकाऱ्यांनी तिच्या कॉम्पचा वेग विचारला, तेव्हा खोलीत हशा पिकला. त्या फाइलमध्ये ३० निघाले, आणि रेंडर २४ चे होते.