तुम्ही विचारलंत म्हणून : आर्किमेट (संस्थेचं काम आणि सॉफ्टवेअर आकृतीत मांडायची भाषा) शिकायचं, तर सुरुवात कुठून करू?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक तीन ठिकाणचे असतात. पुण्या-बंगळूरच्या कंपनीचं काम कोल्हापुरात राजारामपुरीत बसून करणारी मुलंमुली, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ईआरपी (कारखान्याचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) सांभाळणारे, आणि साखर कारखान्याच्या नाहीतर सहकारी बँकेच्या ईडीपी म्हणजे संगणक विभागातले. "किती दिवस लागतील?" हे शेपूटही ठरलेलं, म्हणून ते आधी उरकतो. रोज तासभर दिलात तर दुसऱ्यानं काढलेली आकृती दोन-तीन आठवड्यांत वाचता येईल. स्वतःच्या आकृतीतल्या एखाद्या बाणावर कुणी बोट ठेवलं आणि तुम्हाला त्याला पटेल असं उत्तर देता आलं, इथवर पोचायला काही महिने जातात. वेळ लागतो तो बाणांना, म्हणजे चिन्हांमधल्या नात्यांना. चौकोन, म्हणजे चिन्हं, कुणीही पाठ करतं.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. संस्थेत कोणतं काम कोण करतं, ते कोणत्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रावर बसलंय आणि हे सगळं कशासाठी, हे एकाच चित्रात जोडून दाखवण्यासाठी आर्किमेट ही भाषा आहे. नेदरलँड्समध्ये 2002 ते 2004 या काळात ती तयार झाली, 2008 मध्ये ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे गेली आणि 2009 मध्ये त्यांची पहिली आवृत्ती आली. टोगॅफ हेही ओपन ग्रुपचंच, पण ती संस्थेची रचना आखायच्या कामाची पद्धत आहे. आर्किमेट ही फक्त मांडणीची भाषा. टोगॅफ न शिकताही ती शिकता येते. एखाद्या प्रक्रियेतला प्रत्येक 'जर-तर' दाखवायचा असेल तर बीपीएमएन (प्रक्रियेची आकृती पायरीपायरीनं काढायची पद्धत) वापरा; आर्किमेटमध्ये ते कोंबायला गेलात तर चित्राचा भुगा होतो.

चिन्हं साठाच्या आसपास आहेत आणि नाती अकरा. सुरुवातीला चिन्हांपैकी पंधरा पुरतात. ती कुठली, हे तक्ता बघून ठरवू नका. एक प्रश्न घ्या आणि तो प्रश्न मागेल तेवढीच घ्या. आर्किमेट शिकवताना सगळीकडे आर्किशुरन्स नावाच्या काल्पनिक विमा कंपनीचं उदाहरण देतात. उदाहरण चांगलं आहे, पण विमा कंपनी आतून कशी चालते हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असतं? उसाची गाडी काट्यावर कशी जाते हे मात्र या जिल्ह्यात शाळकरी पोरही सांगेल. म्हणून प्रश्न असा घ्या: वजनकाट्याचा सर्व्हर बंद पडला तर कुणाचं काय अडेल?

आधी कागदावर साध्या मराठीत लिहून काढा. भरलेली गाडी काट्यावर येते. काटा क्लार्क चिटबॉयनं (शेतात गाडीला चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस) दिलेल्या चिठ्ठीचा नंबर टाकतो, भरलेलं वजन नोंदवतो. गाडी गव्हाणीवर (ऊस गाळपाला सोडतात तिथं) रिकामी होते, परतताना रिकामं वजन होतं, दोन्हीतला फरक म्हणजे निव्वळ ऊस, त्याची पावती निघते. आता यातला एकेक शब्द कुठल्या चिन्हात बसतो ते पाहा.

'भरलेली गाडी आली' हा बिझनेस इव्हेंट. त्याला कालावधी नसतो. 'वजन घेणे' ही बिझनेस प्रोसेस. काटा क्लार्क हा बिझनेस रोल. तिथं माणसाचं नाव घालू नका. पाळी बदलली की चित्र खोटं ठरतं. शेती विभाग हा बिझनेस अ‍ॅक्टर, कारण अ‍ॅक्टर म्हणजे एकटा माणूसच असं नाही, खातंही चालतं. नवशिक्यांची पहिली अडचण पुढे येते. पावती ही काय? इथं तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. 'निव्वळ वजन' ही माहिती म्हणून बिझनेस ऑब्जेक्ट. डेटाबेसमधली तिची नोंद म्हणजे डेटा ऑब्जेक्ट. आणि शेतकऱ्याच्या हातातला कागद म्हणजे रिप्रेझेंटेशन. उद्या कागदाऐवजी मोबाइलवर मेसेज गेला तर फक्त रिप्रेझेंटेशन बदलेल, वजन तेच राहील. या तिन्ही गोष्टी एका चौकोनात घातल्यात तर 'कागद बंद केला तर काय बदलेल?' या पुढच्या प्रश्नाला तुमचं मॉडेल मुकं राहतं.

खालच्या थरात काट्याचं सॉफ्टवेअर हा अ‍ॅप्लिकेशन कंपोनंट, ते बाहेर देतं ती 'वजन नोंदणी' ही अ‍ॅप्लिकेशन सर्व्हिस. सर्व्हर हा नोड, त्यावर टाकलेली प्रोग्रामची फाइल हे आर्टिफॅक्ट. खुद्द लोखंडी काट्याला 2016 च्या 3.0 आवृत्तीपर्यंत या भाषेत नीट जागाच नव्हती. त्या आवृत्तीत इक्विपमेंट, फॅसिलिटी, मटेरियल ही भौतिक चिन्हं आली. त्यामुळे आता काटा इक्विपमेंट, केन यार्ड (उसाच्या गाड्या थांबतात ती जागा) फॅसिलिटी आणि ऊस मटेरियल असं सरळ दाखवता येतं. फाउंड्रीवाल्यांनाही भट्टी आणि मोल्डिंग लाइन दाखवायला हीच चिन्हं लागतात.

आता बाण. चूक हमखास होते ती सर्व्हिंग या नात्यात. प्रोसेस सॉफ्टवेअर वापरते, म्हणून बहुतेकजण बाण प्रोसेसकडून सॉफ्टवेअरकडे काढतात. तो उलटा पाहिजे. बाणाचं टोक ज्याला सेवा मिळते त्याच्याकडे: 'वजन नोंदणी' सर्व्हिसकडून 'वजन घेणे' प्रोसेसकडे. या गोंधळाला जुनं साहित्यही जबाबदार आहे, कारण 3.0 च्या आधी याच नात्याचं नाव 'युज्ड बाय' होतं. नेटवरची आकृती जुनी आहे का हे ओळखायला असाइनमेंटची (कोण कोणतं काम करतं ते सांगणारी) रेघ बघा. जुन्या आकृत्यांत तिच्या दोन्ही टोकांना ठिपका असायचा, आता एका टोकाला ठिपका आणि दुसऱ्याला बाण. शिकताना 3.0 च्या आधीचं काही वापरू नका. 2022 ची 3.2 आवृत्ती ओपन ग्रुपच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते, तीच उघडून ठेवा.

रिअलायझेशन हे अमूर्त गोष्ट प्रत्यक्षात कशातून येते ते सांगणारं नातं; खूण म्हणजे तुटक रेघ आणि पोकळ त्रिकोण. त्रिकोण नेहमी जास्त अमूर्त गोष्टीकडे. आर्टिफॅक्टकडून कंपोनंटकडे, डेटा ऑब्जेक्टकडून बिझनेस ऑब्जेक्टकडे, कागदी पावतीकडून निव्वळ वजनाकडे. अ‍ॅक्सेसचा बाण (कृती माहिती हाताळते ते दाखवणारा) मात्र फसवतो: तो नात्याची दिशा सांगत नाही, माहिती वाचली की लिहिली ते सांगतो. नातं कायम कृतीकडून वस्तूकडेच असतं.

ट्रिगरिंग (एकामुळे दुसरं सुरू होतं) आणि फ्लो (एकाकडून दुसऱ्याकडे काही जातं) यांतला फरक उसाच्या बिलाइतका स्वच्छ कुठंच दिसत नाही. वजन झालं की लगेच बिल निघतं का? नाही. वजनाचा आकडा बिल विभागाकडे जातो, पण बिलं काढायचं काम सुरू होतं ते पंधरवडा संपला की. म्हणजे 'वजन घेणे' ते 'बिल काढणे' हा फ्लो, त्यावर 'निव्वळ वजन' असं लिहायचं. आणि 'पंधरवडा संपला' या इव्हेंटकडून 'बिल काढणे'कडे ट्रिगरिंग. दोन्ही ठिकाणी ट्रिगरिंग काढलंत तर चित्र सांगेल की दर गाडीमागे एक बिल निघतं. एका रेघेनं अर्थ एवढा बदलतो, आणि ही चूक कुठलंही टूल पकडत नाही, कारण व्याकरणाच्या हिशेबानं दोन्ही नाती चालतात.

हे जमलं की 'कशासाठी' हा भाग घ्या, म्हणजे मोटिव्हेशन. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस घेतल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर सालाना 15 टक्के व्याज. मॉडेलमध्ये हा कन्स्ट्रेंट, म्हणजे बंधन, आणि 'बिल काढणे' तो रिअलाइज करते. पंधरवड्याचा इव्हेंट आणि 14 दिवसांचा कन्स्ट्रेंट शेजारी-शेजारी आले की प्रश्न आपोआप पडतो: पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी आलेल्या गाडीचं काय? असे प्रश्न बैठकीत कुणी विचारत नाही, चित्र विचारायला लावतं. शेतकरी हा स्टेकहोल्डर (ज्याचा यात हितसंबंध आहे तो), काटामारीची, म्हणजे वजनात फसवणुकीची, शंका हा त्याचा ड्रायव्हर (चालना देणारं कारण), 'बाहेरच्या काट्यावरचं वजन मान्य करावं' ही रिक्वायरमेंट, काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असणं ही दुसरी. एवढं बास. मोटिव्हेशनची दहाही चिन्हं वापरायच्या नादात पडू नका. 'मीनिंग' आणि 'व्हॅल्यू' वर्षभर लागणार नाहीत.

टूल म्हणून आर्ची घ्या. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, देवनागरी नावं घेतं. त्यात नवा माणूस कुठं अडखळतो ते सांगतो. मॉडेल वेगळं आणि व्ह्यू वेगळा. डावीकडच्या झाडात असतं ते मॉडेल. व्ह्यू ही त्यातल्या काही भागाची खिडकी. व्ह्यूमधून चौकोन पुसला तरी तो मॉडेलमध्ये राहतो आणि कुठल्याच व्ह्यूत नसेल तर झाडात तिरप्या अक्षरांत दिसतो. ही तिरपी नावं आठवड्यातून एकदा तपासा. नाहीतर 'काटा सॉफ्टवेअर', 'काटा सिस्टीम', 'वेब्रिज सॉफ्टवेअर' असे एकाच गोष्टीचे तीन कंपोनंट तयार होतात आणि प्रत्येकाला थोडेथोडे बाण चिकटतात. त्यावर उपाय म्हणजे नवा चौकोन काढण्याआधी झाडात शोधायचं आणि असेल तर तिथूनच ओढून आणायचा. नावांची शिस्त पहिल्या दिवशी ठरवा: प्रोसेस 'वजन घेणे' अशी क्रियेची, कंपोनंट आणि ऑब्जेक्ट नामाचे.

एका चौकोनात दुसरा टाकला की आर्ची कोणतं नातं हवं ते विचारतं. घाईत ती खिडकी बंद केलीत तर डोळ्यांना 'आत' दिसतं, पण मॉडेलमध्ये दोघांचा काही संबंध नसतो. आर्चीतलं रेघ जोडायचं साधन, मॅजिक कनेक्टर, दोन चिन्हांमध्ये नियमात बसणारी नातीच दाखवतं. मदत होते, पण यादीत आहे म्हणून ते बरोबर, असं समजू नका. असोसिएशन, म्हणजे 'काहीतरी संबंध आहे' एवढंच सांगणारं नातं, तर सगळीकडे चालतं. एखाद्या आकृतीत निम्म्या रेघा असोसिएशनच्या असतील तर काढणाऱ्यानं विचार टाळलाय असं खुशाल समजा. रंगांचंही तसंच. पिवळा बिझनेस, निळा अ‍ॅप्लिकेशन, हिरवा टेक्नॉलॉजी हा फक्त रिवाज आहे. भाषेच्या व्याख्येत रंगाला अर्थ नाही.

आता मूळ प्रश्न मॉडेललाच विचारा. सर्व्हरचा नोड निवडा, आर्चीमधला व्हिज्युअलायझर (निवडलेल्या चिन्हाला काय काय जोडलंय ते दाखवणारी खिडकी) उघडा आणि खोली एकेक पायरीनं वाढवत जा. नोड, आर्टिफॅक्ट, कंपोनंट, 'वजन नोंदणी', 'वजन घेणे', निव्वळ वजन, बिल, 14 दिवसांचा कन्स्ट्रेंट, शेतकरी. साखळी जिथं तुटेल तिथं तुमचा एखादा बाण राहिलाय किंवा उलटा पडलाय. माझ्या मते शिकण्याचा यापेक्षा चांगला व्यायाम नाही. साखळी शेवटपर्यंत गेली की हे चित्र काट्यावरच्या माणसाला आणि बिल विभागातल्या माणसाला वेगवेगळं दाखवा. एका व्ह्यूत वीसेक चौकोनांपेक्षा जास्त असतील तर दोघंही मान डोलावतील आणि चूक सांगणार नाहीत. म्हणून त्या दोघांसाठी दोन व्ह्यू करा, मॉडेल एकच.

प्लॅटो (काही काळ टिकणारी स्थिती), गॅप (दोन स्थितींतला फरक), वर्क पॅकेज (बदलासाठी करायचं काम) ही बदलाची चिन्हं सगळ्यात शेवटी. साखर कारखान्यात प्लॅटो ठरवणं सोपं असतं, कारण हंगाम चालू असताना काट्याच्या सॉफ्टवेअरला हात लावायचं धाडस कुणी करत नाही. यंदाचा हंगाम हा एक प्लॅटो, पुढचा हंगाम दुसरा, मधल्या पावसाळ्यात वर्क पॅकेजेस.

"परीक्षा देऊ का?" असंही विचारता. ओपन ग्रुपच्या दोन पातळ्या आहेत, फाउंडेशन आणि प्रॅक्टिशनर. नोकरीच्या जाहिरातीत प्रमाणपत्र मागितलं असेल किंवा कंपनी फी भरत असेल तर द्या. फाउंडेशनला चिन्हांच्या व्याख्या लागतात, त्या पंधरवडाभराच्या पाठांतरानं होतात. प्रॅक्टिशनरला दिलेल्या परिस्थितीला कोणतं मॉडेल बसतं ते ओळखावं लागतं, आणि तिथं वरच्यासारखी दोन-तीन मॉडेल्स स्वतः काढली असतील तरच जा.