वाईत अडकलेला खान

वाईचं घर रंगवायला काढलं तेव्हा पोटमाळ्यावरचं सगळं खाली आलं. त्यातली दोन खोकी मी गाडीत टाकून पुण्याला आणली. एकात बाबांचा सूटकेससारखा बंद होणारा रेकॉर्ड प्लेअर आणि एकवीस रेकॉर्डी. दुसऱ्यात माझा टीव्ही गेम, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि चार पिवळ्या कॅसेट. गेमच्या कॅसेट हं. आमच्या पिढीत त्यांना कार्ट्रिज कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. बायको म्हणाली, "महिनाभर ठेव. चाललं तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाक." महिन्याचे पाच महिने झाले, पण ते सांगतो पुढे.

सुरुवात गेमपासून केली. तो बिघडला असता तर रडायला मी एकटाच होतो. हा आपला गेम म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ यंत्र जपानात १९८३ साली निघालं, आपल्याकडे नव्वदीत त्याच्या नकला घरोघरी आल्या. एका कॅसेटवर चक्क '९९९९ गेम' असं छापलंय. खरे गेम पाच-सहाच, बाकी तेच पुन्हा, नाव बदलून किंवा चौथ्या लेव्हलपासून सुरू करून. लहानपणी मी अडीचशेपर्यंत मोजले होते, मग नाद सोडला.

चालू केला तर लाल दिवा मिणमिणता आणि पडदा काळा. उघडल्यावर आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर दिसला. त्याचं काम ॲडॉप्टरचे नऊ व्होल्ट घेऊन चिपना पाच द्यायचं. मीटर लावला तर तीनाच्या आसपास. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं असलेल्या तपकीर गल्लीतून नवा आणला, चहा-वड्याच्या पैशात आला, डाग दिला. दिवा लख्ख पेटला, पण चित्र आडवं-तिडवं, रंगीत ठिपक्यांचं.

आता लहानपणीचा उपाय. कॅसेट काढायची, पिनांवर फुंकर मारायची, परत ठोकायची. चित्र आलं, दोन मिनिटांनी गेलं. नंतर कळलं की फुंकरीनं काहीच होत नव्हतं. काढून परत बसवताना पिना घासल्या जायच्या आणि तेवढ्यापुरता गंज खरवडून निघायचा. उलट फुंकरीतली वाफ तो गंज वाढवायची. म्हणजे आम्ही सात-आठ वर्षं इमानेइतबारे आपापल्या कॅसेट सडवत होतो. योग्य उपाय साधा: खोडरबरानं पिना हलक्या घासायच्या आणि मग कापसाच्या काडीवर आयपीए घेऊन वरून खाली पुसायच्या. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, गल्लीत नुसतं आयपीए म्हटलं की बाटली मिळते. काडी काळी झाली, दुसरी राखाडी, तिसरी पांढरी. कॅसेट लावली आणि मिशीवाला प्लंबर मारिओ पहिल्या झटक्यात पळायला लागला. लेकीनं टाळ्या वाजवल्या. त्या बाटलीवर माझा जो विश्वास बसला, तोच पुढे नडला.

बंदूक मात्र चालेना. ती बदकं मारायच्या गेमसाठी. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि जिथे बदक असेल तिथे पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत एक डोळा आहे, त्याला तो उजेड त्याच क्षणी दिसायला हवा. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, तोवर बंदुकीनं 'नेम चुकला' असं ठरवून टाकलेलं असतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे पिक्चर ट्यूबवाला जुना टीव्ही कपड्यांच्या ढिगाखाली होता. "उचल बाबा एकदाचा" म्हणाल्या. उचलताना कंबर धरली, पण बदकं पडायला लागली.

मग प्लेअर. तबकडी फिरायची, पण बैलगाडीच्या चालीनं. पन्नास वर्षांपूर्वीचं ग्रीस मधल्या दांड्यावर मेणासारखं घट्ट झालेलं. ते रॉकेलनं काढलं आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. मोटरची गती तबकडीपर्यंत नेणारं रबरी चाक काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, म्हणून घसरत होतं. त्याची कड बारीक पॉलिश पेपरवर फिरवून खरखरीत केली. रबराला तेल लागू द्यायचं नाही, हे मी एकदा लावून शिकलो. गती बरोबर आहे का ते बघायला तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली, आणि लेकीनं मोबाइलवर वेळ लावून फेऱ्या मोजल्या. अर्ध्या मिनिटात ३९ भरल्या की ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, गती बरोबर. पहिल्यांदा ३४, शेवटी ३९.

एकवीस रेकॉर्डींतल्या बाराएक बाबांच्या: मोठ्या एलपी, ४५च्या छोट्या ईपी, नाट्यगीतं, आणि शाहीर साबळ्यांच्या दोन. साबळे आमच्या शेजारच्या पसरणीचे, १९२३चा जन्म, त्यामुळे वाईकरांच्या घरात त्यांची रेकॉर्ड नसणं म्हणजे घरात तुळस नसणं. या विनाइलच्या, म्हणजे एका प्लास्टिकच्या, रेकॉर्डी टणक. धुवा, पुसा, तक्रार नाही. एक सांगतो, लोकगीतांच्या नंतरच्या काही रेकॉर्डींत स्टुडिओवाल्यांनी व्हायोलिनांचा जो ताफा घुसवलाय तो मला सहन होत नाही. ढोलकी बिचारी मागे कुठेतरी, पाहुण्यांच्या गर्दीत घरच्या सुनेसारखी.

उरलेल्या नऊ आजोबांच्या, ७८च्या, जड आणि हातातून पडली तर ताटासारखी फुटेल अशा. त्यात एक पोवाडा. लेबल झुरळांनी खाल्लेलं, 'अफझलखानाचा वध' आणि एका बाजूला 'भाग १', दुसऱ्या बाजूला 'भाग २' एवढंच वाचता येतं. शाहिराचं नाव गेलं. घरात सगळे आवाज साबळ्यांचाच म्हणतात, मला काही तसं वाटत नाही. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. फडात अर्धा-पाऊण तास चालणारा पोवाडा त्यात कोंबायचा, म्हणून दोन तुकडे.

रेकॉर्डवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. हाताशी आयपीएची बाटली, खिशात कॅसेटचं यश. कापूस भिजवला आणि भाग १ वर, कॅसेटच्या पिना पुसतात तसा, कडेपासून मध्यापर्यंत एक सरळ हात फिरवला.

कापूस काळाकुट्ट झाला. मला आधी आनंद झाला, किती मळ निघाला म्हणून. मग वास आला. ओळखीचा वास, पण रेकॉर्डचा नव्हे. नव्या दरवाज्याचा. आमच्याच जिन्यात त्या आठवड्यात एक सुतारकाका समोरच्यांच्या दाराला पॉलिश करत होते. रेकॉर्ड घेऊन तसाच बाहेर गेलो. त्यांनी ती उन्हाकडे तिरपी धरली, तीन बोटं रुंदीचा तो निस्तेज पट्टा बघितला, नखानं टोकरला आणि म्हणाले, "साहेब, हा तर चपडा. आम्ही चपडा स्पिरीटमध्येच विरघळवतो. तुम्ही पॉलिश पुसून काढलंत."

अक्षरशः तसंच. ७८च्या रेकॉर्डी विनाइलच्या नसतातच, लाखेच्या असतात, आणि चपडा म्हणजे लाखच. झारखंड-छत्तीसगडकडे पळस, बोर, कोशिंबाच्या फांद्यांवर किडे जी लाख बनवतात, तीच. त्यात दगडाची पूड आणि काळ्या रंगासाठी काजळी मिसळून वितळवायची आणि साच्यात दाबायची. कापसावर आलेला मळ नव्हता, ती रेकॉर्डच होती. विनाइलची एलपी अमेरिकेत १९४८ साली आली, तरी आपल्याकडे लाखेच्या रेकॉर्डी साठच्या दशकातही निघत होत्या. म्हणूनच दोन्ही एकाच खोक्यात सापडतात आणि माझ्यासारखे दोघींना एकच औषध लावतात. लाखेला धुवायचं ते साध्या पाण्यानं, शॅम्पूचा एखादा थेंब टाकून, मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनं, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच टिपायचं. बाकीच्या आठ तशाच धुतल्या, उत्तम निघाल्या. त्या रात्री जेवलो नाही, हे बायकोला माहीत आहे, आत्याला नाही.

दोन दिवसांनी धीर करून भाग १ लावला. सुई आधी एलपीचीच बाजू खाली ठेवून लावली, आणि नुसता पाऊस. ७८ची खाच रुंद असते, तिला एलपीच्या सुईच्या तीन-चारपट जाड टोक लागतं. बारीक सुई तळाशी जाऊन कचरा उकरत बसते. आमच्या प्लेअरची सुई दुतोंडी आहे, छोटी दांडी फिरवली की जाड टोक खाली येतं. फिरवली.

डफ. नुसता डफ, मग तुणतुण्याची तार, आणि शाहीर असा धावत सुटलेला की त्याला माहीत आहे तीन मिनिटांत खानाला विजापुराहून आणायचंय. झीलकऱ्यांचं 'जी जी रं जी' मागून पडायचं ते शाहिराला श्वास घ्यायला. व्हायोलिन नाही की काही नाही. आणि त्यात माझा पट्टा. दर फेरीला एकदा, खर्र. मिनिटाला ७८ वेळा, खर्र. ती खरखर कधी डफाच्या थापेवर बरोबर पडायची, आणि मग हळूहळू घसरत दोन थापांच्या मधे यायची, तालात नवशिका हलगीवाला बसवल्यासारखी. पण शब्द सगळे कळत होते. भाग १ संपतो तिथे खानाची छावणी वाईला पडलेली असते. इतिहासातही तो वाईत मुक्काम करूनच पुढे १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी गेला.

दिवाळीत प्लेअर वाईला नेला. आत्या आता शहात्तर वर्षांची. ओसरीवर पाट मांडून त्यावर प्लेअर ठेवला, तिनं दुरूनच विचारलं, "चावी कुठंय रे?" तिच्या आठवणीतला आजोबांचा चावीचा ग्रामोफोन. त्याला लोखंडी पिन असायची. रेकॉर्डमधली दगडाची पूड पिनेला घासून घासून झिजवायची, म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन. "अण्णांना पिन डबीतून काढायला, स्क्रू आवळायला, चावी द्यायला पाच मिनिटं लागायची. अन् तेवढा वेळ खान आपल्या वाईत! मी आणि तुझा बाप दार लावून घ्यायचो. घाटावर पाणी आणायला कोणी जाईना."

भाग १ लावला. आत्या डोळे मिटून, मांडीवर बोटानं ठेका धरून. मधेच बोट थांबलं.

"हा मधेमधे खरवडतोय कोण?"

"मीच गं." आणि सांगून टाकलं, बाटली, कापूस, सुतारकाका, सगळं.

ती काही बोलली नाही. छावणी वाईला पडली, सुई आतल्या कडेला जाऊन घरंगळायला लागली, तरी मी तिच्या तोंडाकडे बघत बसलेलो.

"अरे बघतोस काय? उलटव ती. किती वेळ बसवून ठेवणारेस त्याला इथं?"