तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतल्या कॉलेजात गेला की फुटबॉल संपला?

मी मुलांना फुटबॉल शिकवतो. पालक नेहमी विचारतात, "सर, अमेरिकेत कॉलेजला पाठवलं, तर व्यावसायिक फुटबॉलचं दार बंदच ना?"

नाही. त्सुबासा एन्दो या जपानी फुटबॉलपटूचं बघा. १९९३ चा जन्म, तोक्योचा. जपानच्या फुटबॉल संघटनेने २००६ मध्ये फुकुशिमात निवासी अकादमी काढली. बारा-तेरा वर्षांची मुलं वसतिगृहात राहतात, गावातल्या साध्या शाळेत शिकतात, शाळा सुटली की सराव. एन्दो तिथे घडला. मार्च २०११ मध्ये भूकंप, त्सुनामी आणि पाठोपाठ अणुभट्ट्यांचा अपघात झाला. अकादमीचं मैदान, जे-व्हिलेज, तिथून अवघ्या २० किलोमीटरवर. मैदानांवर बचावकार्याचा तळ पडला आणि अकादमी शिझुओका प्रांतातल्या गोतेंबाला हलली. सतराव्या वर्षी ज्या पोराच्या पायाखालचं मैदान असं गेलं, तो पुढच्याच वर्षी परक्या भाषेच्या देशात, अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात दाखल झाला. मला त्याच्या गोलांपेक्षा या धाडसाचं जास्त कौतुक आहे.

तिथल्या कॉलेज फुटबॉलचा मुख्य हंगाम जेमतेम ऑगस्ट ते डिसेंबर. एवढ्यात खेळाडू काय तयार होणार, अशी टीका होते, आणि ती खरी आहे. पण वयाच्या अठरा ते बावीस या काळात मोठ्या क्लबच्या राखीव बाकावर बसण्यापेक्षा दर आठवड्याला खेळायला मिळणं मला मोलाचं वाटतं. एमएलएस ही अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक लीग; तिच्या ड्राफ्टमध्ये क्लब आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये टोरंटो क्लबने एन्दोला नवव्या क्रमांकावर घेतलं. या लीगमध्ये क्लबकडे परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्याच असतात. त्यातली एक कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलावर लावायची, म्हणजे खात्री हवी.

जपानी लोक कॉलेजला कमी लेखत नाहीत. जपानचा खेळाडू काओरू मितोमा याने तर तिथल्याच कावासाकी फ्रोन्ताले क्लबचा प्रस्ताव बाजूला ठेवून आधी त्सुकुबा विद्यापीठ गाठलं. तो पुढे ब्रायटन क्लबकडून इंग्लंडची प्रीमियर लीग खेळला.

लहानपणीच परदेशी अकादमीत घालायचं म्हणाल, तर जपानचाच ताकेफुसा कुबो आठवा. दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत गेला, पण अठरा वर्षांखालच्या परदेशी मुलांबद्दलचे फिफाचे नियम क्लबने मोडल्याने त्याचे सामने बंद झाले आणि २०१५ मध्ये तो जपानला परतला.

म्हणून सोळाव्या वर्षी घाई नको. इथेच भरपूर सामने खेळू द्या, त्यांचं चित्रीकरण जपून ठेवा. कॉलेजचे प्रशिक्षक तेच मागतात. आणि बारावीचा अभ्यास सुटू देऊ नका. प्रवेशासाठी गुणही बघतात.