शटर, वायफाय आणि पाण्याचा दिवस

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येते आणि ते नेमके किती वाजता येईल, याचा भरवसा नसतो. नळाची चावी, जमिनीखालचा हौद आणि वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार ही तिन्ही आमच्या पार्किंगमध्ये आहेत आणि पार्किंगला लोखंडी रोलिंग शटर आहे. मी नवी पेठेतल्या एका पतसंस्थेत नोकरी करते, यजमान अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत पाळीवर असतात, त्यामुळे दुपारी पाणी आले की घरी कोणीच नसते. शेजारच्या वहिनी चावी सोडून हौद भरून घ्यायला एका पायावर तयार असतात, पण बंद शटरच्या आत त्या जाणार कशा, हा प्रश्न होता.

शटरला विजेची मोटार आम्ही दोन वर्षांपूर्वीच बसवली होती, कारण खांद्याच्या दुखण्यामुळे मला ते वर ढकलता येत नव्हते. गेल्या दिवाळीत अमेरिकेतल्या मामेबहिणीने तिथल्या गॅरेजच्या दारांसाठी मिळणारे एक वायफाय यंत्र आणून दिले. (गॅरेज म्हटले की आपल्याला गाडी दुरुस्तीचे दुकान आठवते, म्हणून मी पार्किंग हाच शब्द वापरते.) हे यंत्र स्वतः शटर ओढत नाही. भिंतीवरचे बटण दाबल्यावर दोन तारा क्षणभर जुळतात, तेवढेच काम ते फोनवरून करते, आणि शटरला लावलेल्या चुंबकाच्या सेन्सरवरून शटर उघडे आहे की बंद, हे ॲपमध्ये दाखवते. ते मोबाइलच्या साध्या चार्जरवर चालते, त्यामुळे तिथले १२० व्होल्ट आणि आपले २३० व्होल्ट हा प्रश्न आला नाही. इलेक्ट्रिशियनने मोटारीच्या कंट्रोल बॉक्समध्ये दोन तारा जोडल्या आणि यंत्र त्या बॉक्सशेजारीच, शटर गुंडाळले जाते त्या रोलच्या मागच्या भिंतीवर चिकटवले. ती जागा चुकीची होती, हे पुढे कळले.

यंत्र पहिल्यांदा वायफायला जोडतानाच एक अख्खी संध्याकाळ गेली. अशी बरीच यंत्रे फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात. आमचा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ ही दोन्ही जाळी एकाच नावाने दाखवत होता, त्यामुळे फोन ५ वर बसायचा आणि यंत्राला ते जाळे दिसायचेच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन मी दोन्हींना वेगवेगळी नावे दिली. दुसरी अडचण फोनची होती. जोडणीच्या वेळी यंत्र स्वतःचे एक तात्पुरते वायफाय सुरू करते आणि फोनने त्याला जोडून घ्यायचे असते, पण त्या वायफायवर इंटरनेट नाही असे दिसताच फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळत होता आणि यंत्राशी चाललेले बोलणे अर्ध्यावर तुटत होते. मोबाइल डेटा बंद केला, ॲपला लोकेशनची परवानगी दिली, कारण अँड्रॉइड त्याशिवाय ॲपला आसपासची वायफाय पाहू देत नाही, आणि यंत्र जोडले गेले. पुढचे काही महिने सारे सुरळीत होते.

मे महिन्यात वळवाचे पाऊस सुरू झाले. एका दुपारी सव्वाबाराला वहिनींचा फोन आला, ‘अहो, पाणी आलंय, शटर उघडा.’ मी ॲप उघडले तर ‘यंत्र ऑफलाइन’ अशी पाटी होती. पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहिले, फोन बंद-चालू केला, काही झाले नाही. वहिनी त्या उन्हात आमच्या दारात उभ्या होत्या, लोखंडाला हात लाववत नव्हता आणि आतला नळ बंदच होता. त्यांनी घागर भरून आणून दारात ठेवल्याचे मला संध्याकाळी दिसले. त्या फेरीला आमचा हौद कोरडा राहिला, टँकर मागवावा लागला. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. टँकरच्या पैशांचे एवढे नाही, पण दुसऱ्याला आपल्यासाठी उन्हात ताटकळत ठेवले, ही गोष्ट मनाला लागली.

त्या रात्री मी घाईने जे केले, ते करायला नको होते. यंत्र तीन वेळा रीसेट केले. रीसेट केल्यावर यंत्र वायफायचे नाव, पासवर्ड, सेन्सरची खूण असे सगळे विसरते, आणि बिघाड झाला त्या वेळी त्याची अवस्था काय होती, हेही त्याबरोबर पुसले जाते. तिसऱ्या वेळी ते जोडले गेले, मला वाटले काम झाले. पुढच्याच आठवड्यात ते पुन्हा गेले. इंटरनेटवाल्याकडे तक्रार केली तर लाइन व्यवस्थित असल्याचे उत्तर मिळाले, आणि ते खरेही होते, कारण त्याच वेळी घरातला टीव्ही त्याच वायफायवर चालत होता.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. रविवारी तो आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘मावशी, बंद पडलं तेव्हा त्याचा दिवा कसा लुकलुकत होता?’ मी तो पाहिलाच नव्हता. मग त्याने वहीच्या पानावर ओळीने चार चौकोन काढले: माझा फोन, कंपनीचा दूरचा सर्व्हर, घरातला राउटर आणि यंत्र. ऑफिसमधून मी बटण दाबते तेव्हा आज्ञा या चौघांतून जाते आणि त्यातली कोणतीही एक कडी तुटली तरी ॲपवर शब्द एकच येतो, ऑफलाइन. म्हणून आधी कडी ओळखायची. यंत्राचा दिवा स्थिर असेल तर ते सर्व्हरपर्यंत पोहोचलेले असते, हळू लुकलुकत असेल तर त्याला वायफायच सापडलेले नसते, असे यंत्राच्या पुस्तिकेत लिहिले होते. मी ती पुस्तिका त्या दिवशी प्रथमच नीट वाचली. शिवाय राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे यंत्राचे नाव आहे की नाही, हेही पाहता येते.

त्याने फोनवर वायफायची ताकद मोजणारे एक मोफत ॲप घेतले आणि आम्ही शिडी लावून यंत्राजवळ फोन धरला. शटर खाली असताना आकडा उणे ६६ आला. मग शटर वर घेतले, फोन तिथेच धरून ठेवला, आणि आकडा उणे ८१ वर गेला. हे आकडे डेसिबलमध्ये असतात आणि दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते, म्हणजे १५ डेसिबल उतरल्यावर यंत्रापर्यंत साधारण बत्तिसावा हिस्साच उरत होता. कारण डोळ्यांसमोर होते. शटर खाली असताना वर नुसता दांडा असतो, पण शटर वर गेले की लोखंडी पट्ट्यांची जाड गुंडाळी होते आणि ती नेमकी राउटर आणि यंत्र यांच्या मध्ये येते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते, असल्या लहरी लोखंडाच्या सलग पत्र्याच्या पलीकडे जात नाहीत, कडेने किंवा भिंतीवर आपटून जेवढ्या येतील तेवढ्याच येतात. आम्ही यंत्र तिथून काढले, दोन तारा तीन मीटर लांबवल्या आणि ते हॉलच्या बाजूच्या भिंतीवर, खांद्याएवढ्या उंचीवर लावले. आता शटर वर असो की खाली, आकडा उणे ५८ च्या आसपास राहू लागला. खाली आणल्यामुळे त्याचा दिवाही सहज दिसू लागला.

शटर उघडे असताना यंत्र मधूनच गायब व्हायचे, ते त्या दिवसापासून थांबले. पण लाईट जाऊन आल्यावर कधीकधी ते परत येतच नव्हते, तो त्रास तसाच राहिला.

मी स्वयंपाकघरात दुधाच्या हिशेबाच्या वहीतच एक पान आखले. लाईट कधी गेली, कधी आली, यंत्राचा दिवा स्थिर झाला का, एवढेच लिहायचे. जून लागेपर्यंत अकरा नोंदी झाल्या. त्यांत सात वेळा यंत्र आपोआप परत आले होते, चार वेळा आले नव्हते. आधी मला वाटले की राउटरला उठायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि यंत्र काही सेकंदांत तयार होते, तेव्हा ते वाट पाहून थकत असावे. म्हणून मी मुद्दाम दोन्हींचे प्लग बंद करून पाहिले, एकदा यंत्र आधी, एकदा राउटर आधी. दोन्ही वेळा यंत्र परत आले. यंत्राला राउटरकडून नेहमी एकच पत्ता मिळावा, अशीही सोय करून ठेवली. ती सोय चांगली आहे, पण आमचा दोष त्यात नव्हता, कारण पुढच्याच पावसात यंत्र पुन्हा गेले.

त्या वेळी मात्र मी कशालाही हात लावला नाही. दिवा हळू लुकलुकत होता, म्हणजे कडी राउटर आणि यंत्र यांच्या मध्ये तुटली होती. मी फोनवरून राउटरचे पान उघडले आणि वायफायच्या भागातली प्रत्येक ओळ वहीत उतरवून घेतली. नाव तेच, पासवर्ड तोच, सुरक्षा डब्ल्यूपीए२ तीच. चॅनेलच्या पुढे ‘ऑटो’ आणि त्याखाली १३. आदल्या रविवारी भाच्याने मोजले तेव्हा तिथे ६ होते, हे मला आठवत होते, कारण ताकदीच्या आकड्याशेजारीच तो लिहिलेला होता. मी फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याचा लगेच फोन आला, ‘मावशी, सापडलं! यंत्र अमेरिकेचं आहे ना?’

त्याने सांगितले ते असे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायचे चॅनेल एकापुढे एक असतात. आपल्याकडे राउटर १ ते १३ पर्यंतचे वापरतात, तर अमेरिकेच्या बाजारातली उपकरणे साधारणपणे १ ते ११ एवढीच पाहतात. आमचा राउटर ‘ऑटो’वर होता, म्हणजे प्रत्येक वेळी सुरू होताना आसपासची गर्दी पाहून तो मोकळा चॅनेल निवडायचा. १, ६ किंवा ११ निवडला की यंत्र परत यायचे, १२ किंवा १३ निवडला की त्या यंत्रासाठी आमचे वायफाय जगातच नसायचे. फोन आणि टीव्ही इथलेच असल्याने त्यांना काहीच फरक पडत नव्हता, म्हणून इंटरनेटवाल्याला दोष दिसला नाही आणि रीसेट केल्यावर यंत्र कधी जोडले जायचे, कधी नाही. राउटर इन्व्हर्टरवर नसल्याने लाईट जाईल तेव्हा ही निवड नव्याने व्हायची.

मी ‘ऑटो’ काढून चॅनेल ११ पक्का केला, कारण आमच्या गल्लीतले बहुतेक राउटर १ आणि ६ वर होते, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६, ११ हेच. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. सेव्ह केल्यावर मी पार्किंगमध्ये जाऊन यंत्रासमोर उभी राहिले. दिवा आणखी काही वेळा लुकलुकला आणि मग स्थिर झाला. मी आतून राउटरचा प्लग काढला, पुन्हा लावला, परत येऊन उभी राहिले. असे पाच वेळा केले आणि पाचही वेळा दिवा स्थिर झाला. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला.

त्याच वेळी शटरच्या बाहेर एक चावीचे स्विचही बसवून घेतले आणि त्याची किल्ली वहिनींकडे दिली. इंटरनेटची लाइन तुटली तरी लाईट असेपर्यंत शटर उघडेल. शटर मी फोनवरून फक्त उघडते. खाली अडथळा ओळखणारा सेन्सर असला तरी, ज्या शटरखाली कोण उभे आहे हे मला दिसत नाही, ते मी दूरवरून बंद करणार नाही. ते काम वहिनी भिंतीवरचे बटण दाबून करतात.

गेल्या मंगळवारी पहाटे वळवाने लाईट घालवली होती आणि पावणेअकराला वहिनींचा फोन आला. किल्ली त्या घरी विसरून आल्या होत्या. मी काउंटरवरच्या सभासदांना क्षणभर थांबायची विनंती करून ॲप उघडले. हिरवी खूण होती. बटण दाबले, आणि फोनमधून शटरचा ओळखीचा खडखडाट, मग वहिनींच्या चपलांचा आवाज, आणि मग हौदात पडणारी धार ऐकू आली.