पाचवा रकाना सांगलीचा

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच इथे जर्मनीत पुस्तकांच्या दुकानांत पुढच्या वर्षाची कॅलेंडरं लागतात. त्यात ‘फामिलिएनप्लानर’ नावाचा एक उंच, अरुंद प्रकार असतो. एका पानावर एक महिना, डावीकडे वरून खाली उतरणाऱ्या तारखा आणि त्यांच्यासमोर पाच रकाने. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर घरातल्या एकेकाचं नाव लिहायचं. श्टुटगार्टजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो फ्रिजशेजारी टांगलेला आहे. पेन दोऱ्यानं बांधून ठेवलंय, नाहीतर ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

आईनं व्हिडिओ कॉलवर तो पाहिला आणि म्हणाली, “अगं, घरातल्या घरात कसली आलीय अपॉइंटमेंट? हाक मारायची की!” हे सांगणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या आणि भिशीचा दिवस, सगळं असतं. फक्त ते लिहिते ती एकटी आणि वाचतेही ती एकटीच. बाबांना काही हवं असलं की ते तिलाच विचारतात.

इथे ते चालत नाही, कारण मदतीला हाकेच्या अंतरावर कुणी नाही. मुलीची प्राथमिक शाळा रोज एकाच वेळी सुटत नाही. मुलाच्या कीटाचे, म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी मिळून जे काही असतं त्याचे, बंद राहण्याचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच छापून हातात येतात. त्यातला एखादा निसटला, तर सकाळी बंद दारासमोर मूल कडेवर घेऊन उभं राहायचं आणि दोघांपैकी कुणाची मीटिंग कमी महत्त्वाची यावर तिथेच वाद घालायचा. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारची यादीही भिंतीवर. ओल्या कचऱ्याची बादली कोणत्या दिवशी, कागदाची कोणत्या, तेही भिंतीवर. शिवाय आमच्या या श्वाबेन भागाची खासियत म्हणजे केअरवोखे: आपला आठवडा आला की दारावर पाटी लटकते आणि इमारतीचा सामाईक जिना आपण झाडून-पुसून काढायचा. आमच्या मजल्यावरच्या आजी स्वभावानं गोड आहेत, पण पाटी लागल्यावर शनिवार दुपारपर्यंत जिना पुसला गेला नाही तर त्या “सगळे बरे आहात ना?” असं विचारायला येतात. आम्ही काय ते समजतो.

मला या कागदाचं खरं मोल कळलं ते आजारपणात. सरकारी आरोग्य विमा असलेल्या आईवडिलांना 2024पासून प्रत्येक मुलामागे प्रत्येकी वर्षाला 15 कामाचे दिवस आजारी मुलाजवळ थांबण्यासाठी मिळतात. हे दिवस ज्यानं घेतले त्याच्या रकान्यात आम्ही ‘आ’ लिहितो. पूर्वी ताप आला की “गेल्या वेळी मीच थांबले होते” इथून सुरुवात व्हायची. आता नवरा फ्रिजकडे बघतो, माझ्या रकान्यातले ‘आ’ मोजतो आणि मुकाट्यानं ऑफिसला मेल टाकतो. फोनमधलं सामाईक कॅलेंडर आमच्याकडेही आहे, पण मुलांकडे कुठे फोन आहे? भिंतीवरचं ती दूध पिता पिता वाचतात. “बाबा, उद्या बादली तुझी,” असं आता आमची तिसरीतली मुलगी सांगते.

पाचव्या रकान्यावर ‘सांगली’ लिहिलंय. डिसेंबरात आई नव्या कालनिर्णयाच्या पानांचे फोटो पाठवते आणि त्यावरून मी सणवार, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तारखा, बाबांचा वाढदिवस उतरवते. आमचा रविवारचा कॉल इथल्या दुपारी अडीचचा. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे सहा वाजलेले, चहा झालेला, गप्पा रंगतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि तोच कॉल सांगलीत सात वाजता, ऐन मालिकेच्या वेळेत जाऊन पडतो. मग आई ‘हं, हं’ करत बोलते आणि नजर भलतीकडेच. म्हणून ऑक्टोबरच्या पानावर लाल पेनानं ‘कॉल दीड वाजता’ असं लिहून ठेवलंय.

सगळ्यात अवघड जातो तो गणपती. 2025मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती, शाळेच्या मोठ्या सुट्टीत, त्यामुळे सांगलीला जाता आलं. 2026मध्ये ती 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे आणि नेमक्या त्याच दिवशी आमच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातल्या शाळा उघडतात. इथे शाळा बुडवणं हा गमतीचा विषय नाही. सुट्टीला जोडून दोन दिवस मागितले तर शाळा सहसा नाही म्हणते आणि न विचारता नेलं तर दंड होऊ शकतो. आईला हे पटवायला दोन रविवार गेले. “देवापेक्षा शाळा मोठी का?” पासून ती “मग मोदक कोण करणार?” पर्यंत आली, तेव्हा मला हायसं वाटलं.

सध्याची मांडणी अशी: प्रतिष्ठापना पहाटे, मुलं उठल्या उठल्या. आरतीला सांगली कॉलवर, तिथे तेव्हा सव्वानऊ-साडेनऊ झालेले असतील. नवऱ्याच्या रकान्यात अर्धी रजा, माझ्या रकान्यात उकड. मुलीनं आपल्या रकान्यात स्वतःच लिहून टाकलंय, ‘डब्यात मोदक 4’. तिच्या बाईंसाठी एक धरून.